बिडाच्या शेगडीभोवती आठ रात्री

डिसेंबरच्या मध्यावर आम्ही सातजणांनी तळ्याकाठच्या एका लाकडी घरात आठ रात्री मुक्काम केला. सासूबाई, माझे पती, दीर आणि जाऊबाई, नऊ वर्षांची आमची मुलगी, सहा वर्षांचा पुतण्या आणि मी, असे आम्ही सातजण होतो. घर सुट्टीसाठी भाड्याने मिळणारे होते. घरमालकांचे नाव मी येथे देत नाही, कारण काही बाबतींत माझी तक्रार आहे आणि ती मी त्यांना स्वतंत्रपणे कळवली आहे. मात्र थंड प्रदेशात, हिवाळ्याच्या सुरुवातीला, लहान मुले आणि वडीलधारी माणसे यांना घेऊन राहायचे असेल तर अशा घरात काय मिळते आणि काय आधी विचारून घ्यायला हवे, हे सविस्तर लिहावेसे वाटले, म्हणून हा अभिप्राय. माझे मत सुरुवातीलाच सांगते. या घरात ऊब देणारी वस्तू एकच होती, बैठकीच्या खोलीतील बिडाची शेगडी, आणि त्या एकाच उबेमुळे आम्ही सातजण आठ दिवस खऱ्या अर्थाने एकत्र राहिलो. खोलीखोलीत सारखी ऊब असलेल्या घरांत आम्ही यापूर्वी सुट्ट्या घालवल्या आहेत. तेथे जो तो आपापल्या खोलीत असे आणि जेवणापुरती गाठ पडे.

हिवाळ्याच्या ऐन कडाक्यात न जाता सुरुवातीलाच जाण्याचा आमचा निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता. उत्तर गोलार्धात सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला येतो, पण सर्वांत थंड दिवस बहुधा त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी येतात, कारण जमीन आणि पाणी यांनी उन्हाळ्यात साठवलेली उष्णता हळूहळू निघून जाते आणि दिवस पुन्हा वाढू लागले तरी काही काळ मिळकतीपेक्षा खर्च जास्तच राहतो. त्यामुळे डिसेंबरच्या मध्यावर बर्फ असतो, पण थंडी अजून जीवघेणी झालेली नसते. आम्ही पोहोचलो तेव्हा बाहेर उणे ४ अंश होते आणि मुक्कामातील सर्वांत थंड पहाट उणे १४ अंशांची होती. व्यवस्थित कपडे घातलेल्या मुलांना या हवेत तास-दीड तास आनंदाने खेळता येते आणि सासूबाईंसारख्या सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीलाही दुपारी वीस मिनिटे फिरून येता येते. पहिल्यांदाच बर्फात राहायला जाणाऱ्या कुटुंबांना मी हाच काळ सुचवीन.

आगमनाची संध्याकाळ मात्र चांगली गेली नाही. आम्ही पोहोचण्यापूर्वी शेगडी पेटवून घर गरम करून ठेवले जाईल, असे आरक्षणाच्या वेळी स्पष्ट सांगितले होते. प्रत्यक्षात शेगडी गार होती आणि बैठकीच्या खोलीतील तापमापक ७ अंश दाखवत होता. ओंडक्यांच्या जाड भिंतींचे घर एकदा तापले की ऊब बराच वेळ धरून ठेवते, पण तेच घर गार पडलेले असेल तर आधी त्या भिंती, फरशी आणि सामान यांना तापावे लागते आणि मगच माणसांच्या वाट्याला काही येते. त्या रात्री खोली १८ अंशांवर यायला साडेपाच तास लागले. मुले अंगावरच्या कोटांसकट जेवली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दोन्ही हात शालीत घेऊन त्या ज्या पद्धतीने भिंतीला टेकून बसल्या होत्या ते पाहून मला फार वाईट वाटले. ज्या घरात ऊब देणारे साधन एकच आहे, तेथे पाहुणे येण्यापूर्वी किमान सहा-सात तास ते पेटलेले असायलाच हवे. ही सोय म्हणून नव्हे, मूलभूत सेवा म्हणून धरली पाहिजे.

आता शेगडीविषयी. ती कमरेइतक्या उंचीची, ओतीव बिडाची, समोर काचेचे दार असलेली होती. खाली एक आणि वर एक अशा हवेच्या दोन झडपा होत्या. खालची झडप लाकूड पेट घेईपर्यंत उघडी ठेवायची आणि नंतर जवळजवळ बंद करायची. वरून येणारी हवा काचेच्या आतल्या बाजूने खाली उतरते, त्यामुळे काच स्वच्छ राहते आणि लाकडातून निघणारे वायूही तेथेच जळतात. लाकडाच्या एकूण उष्णतेपैकी अर्ध्याहून अधिक उष्णता या वायूंमध्ये असते. ते न जळता धुराड्यातून निघून गेले तर लाकूडही वाया जाते आणि धुराड्यात डांबरासारखा चिकट थर साचतो, जो पुढे कधीतरी धुराड्यातच पेट घेऊ शकतो. चांगली शेगडी ओळखायची ती या वरच्या ज्वाळांवरून. लाकडापासून थोड्या वर, जणू अधांतरी, संथपणे डोलणाऱ्या ज्वाळा दिसल्या की शेगडी नीट चालली आहे असे समजावे. ही शेगडी कोरडे लाकूड मिळाल्यावर अगदी तशी चालली आणि तिच्या बनावटीविषयी माझी एकही तक्रार नाही.

पण पहिले दोन दिवस तिला कोरडे लाकूड मिळाले नाही. पडवीत रचून ठेवलेले सरपण दिसायला सुबक होते, एकसारखे फोडलेले होते, पण पेटवल्यावर त्याच्या टोकांतून पाणी फसफसून बाहेर येऊ लागले, काच तासाभरात काळी झाली आणि शेगडी पेटण्याऐवजी धुमसत राहिली. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मे पाणी असू शकते. शेगडीसाठी ते प्रमाण २० टक्क्यांच्या खाली यायला हवे आणि त्यासाठी फोडलेले लाकूड वरून झाकलेल्या, पण बाजूंनी उघड्या जागेत एक ते दोन वर्षे रचून ठेवावे लागते. ओले लाकूड जाळताना आधी त्यातील पाण्याची वाफ करण्यात आग खर्ची पडते, शेगडीचे पोट गार राहते आणि गार पोटात वायू पेटत नाहीत. म्हणजे दुप्पट लाकूड घालूनही निम्मी ऊब मिळत नाही. घरमालकांना फोन केल्यावर त्यांनी, घराच्या मागच्या बाजूला छपराखाली जुना साठा आहे, तो वापरा, असे सांगितले. तो साठा उत्तम होता. मग तो आधीच का दाखवला नाही, याचे उत्तर मला मिळाले नाही.

येथून पुढे आमच्या मुलीने सरपणाचा ताबा घेतला. मागच्या छपराखालीही काही लाकडे नवी आणि काही जुनी अशी मिसळलेली होती. दिरांनी तिला एकदाच दाखवले की दोन फोडी एकमेकींवर आपटून ऐकायचे: कोरड्या लाकडाचा आवाज खणखणीत, टाळीसारखा येतो आणि ओल्याचा भद्द, कणीक ओट्यावर पडावी तसा. कोरड्या फोडीच्या टोकाला मधोमध निघालेल्या बारीक भेगा दिसतात, साल सहज सुटते आणि हातात घेतल्यावर ती अपेक्षेपेक्षा हलकी लागते. रोज सकाळी ती डोक्यावर कानटोपी ओढून छपराखाली उभी राहायची, एकेक जोडी कानाशी धरून आपटायची, डोळे मिटून ऐकायची आणि मग फोड उजव्या किंवा डाव्या टोपलीत टाकायची. पुतण्या उजवी टोपली घसरगाडीवर ठेवून दारापर्यंत ओढत आणायचा. या कामाला त्यांना चाळीस मिनिटे लागत. कोणी मोठ्या माणसाने मदत देऊ केली तर दोघांनाही ते आवडत नसे. चौथ्या दिवशी मी सहज एक फोड उचलून शेगडीत घालू लागले, तर पुतण्याने माझा हात धरून सांगितले, "काकू, ती डाव्या टोपलीतली आहे." मी ती परत ठेवली.

शेगडी पेटवण्याची जी पद्धत त्या घरातील सूचनापत्रकात दिली होती, ती आम्हाला नवीन होती आणि अत्यंत उपयुक्त ठरली. आपण सहसा खाली कागद आणि चिपाट्या, वर जाड लाकूड अशी रचना करतो. येथे उलट सांगितले होते: तळाशी दोन जाड फोडी, त्यांवर मध्यम, त्यांवर आडव्याउभ्या चिपाट्या आणि अगदी वर पेटवणी. आग मेणबत्तीसारखी वरून खाली येते. खालच्या लाकडातून निघणाऱ्या वायूंना वरच्या ज्वाळेतून जावे लागत असल्याने ते जळून जातात, धूर अगदी थोडा होतो आणि धुराडे लवकर तापून हवा चांगली ओढू लागते. पेटवणी म्हणून भूर्ज झाडाची साल ठेवली होती. तिच्यातील तेलकट घटकामुळे ती दमट हवेतही लगेच पेटते आणि जळताना चरचर आवाज करत गुंडाळत जाते. सूचनापत्रक लिहिणाऱ्या व्यक्तीचे मी मनापासून कौतुक करते. ते नेमके, सुटसुटीत आणि सचित्र होते.

सुरक्षिततेबाबत दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. पहिली म्हणजे कार्बन मोनॉक्साईडची सूचना देणारे यंत्र. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्टपणे त्याला धरून ठेवते, त्यामुळे झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आतच तो जिवावर बेततो. या घरात यंत्र होते, भिंतीवर योग्य ठिकाणी होते, पण त्याचे चाचणीचे बटण दाबल्यावर ते वाजले नाही. बॅटरी संपलेली होती. माझे पती आमच्या टॉर्चसाठी जास्तीच्या बॅटऱ्या घेऊन आले होते आणि सुदैवाने त्या त्याच मापाच्या होत्या. घरात शिरल्यावर सामान उघडण्याच्या आधी हे बटण दाबून पाहावे, अशी माझी प्रत्येकाला कळकळीची विनंती आहे. दुसरी गोष्ट राखेची. वरवर गार दिसणाऱ्या राखेत निखारे एक-दोन दिवस, कधी त्याहूनही अधिक काळ जिवंत राहतात. झाकणाची पत्र्याची बादली या घरात दिलेली होती आणि ती घराच्या लाकडी पायरीवर न ठेवता उघड्या जमिनीवर ठेवावी, अशी ठळक सूचनाही होती. याबद्दल घरमालकांना पूर्ण गुण द्यायला हवेत.

घराची रचना साधी होती. खाली बैठक, स्वयंपाकाची जागा, दोन लहान खोल्या, वर माळा. ऊब वर चढते, हे सगळ्यांना माहीत असते, पण त्याचा अर्थ काय होतो हे अशा घरात झोपल्यावर कळते. बैठकीत २१ अंश असताना माळ्यावर २७ आणि मागच्या खोलीत १५ अंश असत. मुलांना आणि दीर-जाऊबाईंना माळा दिला होता. पहिल्या रात्री ते घामाघूम होऊन खाली आले. सासूबाईंना जिना चढायला नको म्हणून मागची खोली दिली होती, तर तेथे त्यांना रात्रभर हुडहुडी भरली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांचा पलंग बैठकीच्या आतल्या भिंतीशी हलवला. आधी तो खिडकीखाली मांडून पाहिला होता, पण खिडकीच्या गार काचेला लागून हवा खाली घसरते आणि नेमकी झोपलेल्या माणसाच्या मानेवर येते. काच तिहेरी होती, तरीही रात्री ते जाणवत होते. आतल्या भिंतीशी मात्र त्या अतिशय समाधानी राहिल्या. त्यानंतर संध्याकाळी सातनंतर बैठक ही त्यांचीही खोली झाली, त्यामुळे दिवे मंद झाले, आवाज खाली आले, आणि मुले आजीच्या पलंगावर पायांशी बसून तिच्याकडून गोष्टी ऐकू लागली. घर सात माणसांचे म्हणून दाखवले जात असेल, तर त्यांपैकी किती जागा खरोखर झोपण्याजोग्या उबदार आहेत, हे माहितीत लिहायला हवे.

हवेच्या कोरडेपणाचा त्रास आम्हाला तिसऱ्या दिवशी सुरू झाला. उणे १० अंशांच्या हवेच्या एका घनमीटरात जास्तीत जास्त सव्वादोन ग्रॅमच्या आसपास बाष्प मावते, तर २० अंशांच्या हवेत सुमारे १७ ग्रॅम. बाहेरची तीच हवा आत येऊन तापली की ती तहानलेली असते आणि आपल्या नाकातून, ओठांतून, त्वचेतून ओलावा ओढते. सासूबाईंच्या नडग्यांची त्वचा ताणल्यासारखी होऊन खाजू लागली आणि पुतण्याच्या नाकातून सकाळी थोडे रक्त आले. शेगडीवर रुंद तोंडाचे पाण्याचे भांडे ठेवणे आणि ओले कपडे त्याच खोलीत वाळत घालणे हा उपाय लागू पडला. भांडे घरातच होते, पण कशासाठी आहे हे कोठे लिहिलेले नव्हते.

ओल्या कपड्यांचा विषय निघाला आहे, तर या घरातील सर्वांत विचारपूर्वक केलेली जागा म्हणजे पडवी, हे सांगायला हवे. बाहेरचे दार आणि आतले दार यांच्यामधील ही जागा जेमतेम आठ फूट लांब होती, पण तेथे बसून बूट काढायला बाक होता, बूट पालथे घालायला खुंट्या होत्या, बर्फ झटकायला केरसुणी होती आणि कोट अडकवण्याचे आकडे दोन उंचींवर होते, एक रांग मोठ्यांसाठी आणि एक मुलांच्या खांद्यापर्यंत. मुलांना आपले कपडे स्वतः अडकवता आणि काढता येतात, तेव्हा बाहेर पडण्याची तयारी निम्म्या वेळात होते. दोन्ही दारे एकाच वेळी उघडायची नाहीत, हा नियम मुलांनी एका दिवसात आत्मसात केला. पडवीच्या एकेरी काचेच्या लहान खिडकीवर रोज पहाटे आतून बर्फाची पिसाऱ्यासारखी नक्षी उमटत असे आणि दहा वाजेपर्यंत ती खालून वर विरघळत जाई. सासूबाई ती पाहायला मुद्दाम उठत असत.

कपड्यांबाबत अनुभवाचे थोडे सांगते. अंगालगत सुती बनियन नको. सूत घाम शोषते, भिजते आणि मग ऊब देणे बंद करते. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे एकतृतीयांश इतके बाष्प ओले न वाटता धरून ठेवते आणि भिजल्यावरही बऱ्यापैकी ऊब देते. अंगालगत पातळ लोकर, तिच्यावर जाड लोकरी थर आणि सर्वांत वर वारा अडवणारा कोट, एवढे पुरते. मुलांना पाच बोटांच्या हातमोज्यांऐवजी चार बोटे एकत्र असणारे मोजे द्यावेत, कारण एकमेकींना चिकटलेली बोटे गरम राहतात, आणि प्रत्येकी दोन जोड न्यावेत. एक जोड ओला झाला की दुसरा घालता येतो. शेगडीच्या अगदी अंगावर मोजे वाळत घालू नयेत. आमचा एक जोड आटून बाहुलीला होईल एवढा झाला.

तळ्याविषयी मला गंभीर तक्रार आहे. घराच्या जाहिरातीत तळ्यावर बर्फावरून घसरणाऱ्या मुलांची छायाचित्रे आहेत. डिसेंबरच्या मध्यावर ते शक्य नव्हते आणि तसे कोणीही आम्हाला सांगितले नाही. जमिनीवर बर्फ पडू लागल्यानंतरही तळे गोठायला वेळ लागतो, कारण पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते. वरचा थर गार होऊन खाली जातो, खालचा वर येतो, आणि हे सारे पाणी ४ अंशांवर आल्यानंतरच वरचा थर तेथे टिकून गोठू लागतो. आम्ही गेलो तेव्हा किनाऱ्यालगत बर्फ होता, मध्यभागी पातळ काळसर पापुद्रा होता आणि ओढा जेथे तळ्यात येतो तेथे पाणी उघडे होते. एका माणसाला चालण्यासाठी घट्ट, पारदर्शक बर्फ किमान १० सेंटिमीटर जाड हवा. पांढरा, हिम मिसळलेला बर्फ त्याच्या निम्म्या ताकदीचा असतो. वर साचलेला भुसभुशीत हिमाचा थर पांघरुणासारखे काम करून खालचा बर्फ जाड होऊ देत नाही, म्हणजे दिसायला जे सुरक्षित वाटते तेच फसवे असते. मुलांना हे समजावताना आमची मुलगी रडली, कारण ती छायाचित्रे पाहूनच तिने हे घर निवडले होते. जाहिरातीत प्रत्येक छायाचित्राखाली महिना लिहिणे अवघड नाही.

तळ्याची कसर घरामागच्या उताराने भरून काढली. घरात दोन लाकडी घसरगाड्या होत्या, जुन्या, पण धावपट्ट्यांना नीट मेण लावलेल्या. उतार लांब, मोकळा आणि खाली सपाट होत जाणारा होता, वाटेत झाड नव्हते. सासूबाईंसाठी आम्ही खाली बाकावर जाड लोकरी घोंगडी अंथरत असू आणि तेथे बसून त्या कोण किती लांब गेले याचा निवाडा करत. बर्फाचे स्वभावही मुलांना येथेच कळले. तापमान शून्याच्या जवळ असले की बर्फ हातात दाबल्यावर चिकटतो आणि त्याचा माणूस होतो. उणे १० च्या खाली तोच बर्फ साखरेसारखा मोकळा होतो, मुठीत धरला तरी निसटतो आणि बुटाखाली करकर वाजतो. पुतण्या चौथ्या दिवसापासून दाराबाहेर दोन पावले टाकून, आवाज ऐकून, आज माणूस करता येईल की नाही हे सांगू लागला होता.

एका दुपारी वारा पूर्ण थांबलेला असताना बारीक बर्फ पडत होता. जाऊबाईंच्या गडद निळ्या लोकरी बाहीवर कण येऊन बसत होते आणि वितळत नव्हते. दोन्ही मुले तिच्या हाताला चिकटून, आपला श्वास लागू नये म्हणून तोंडावर मफलर धरून, ते पाहत राहिली. सहा पाकळ्या, प्रत्येक पाकळीला बारीक फांद्या, मध्ये षटकोनी टिकली. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी जाळीत बसतात म्हणून सहा. उणे १५ अंशांच्या सुमारास अशा फांद्या फुटलेल्या चांदण्या तयार होतात आणि उणे ५ च्या आसपास सुया. १८८५ मध्ये विल्सन बेंटली या शेतकऱ्याने कॅमेऱ्याला सूक्ष्मदर्शक जोडून अशा एका कणाचे छायाचित्र घेतले आणि पुढे आयुष्यभर हजारो कणांची छायाचित्रे काढली. १९३६ मध्ये जपानच्या उकिचिरो नाकाया यांनी प्रयोगशाळेत असा कण सशाच्या केसावर वाढवून दाखवला. माझ्या पतींनी हे सांगितल्यावर मुलीने लगेच आपल्या टोपीवरचा लोकरीचा धागा उपटून हवेत धरला. ती पंधरा मिनिटे तशीच उभी होती. ताज्या हिमात नव्वद टक्क्यांच्या आसपास हवाच असते आणि ती आवाज गिळून टाकते, त्यामुळे त्या वेळी इतकी शांतता होती की कण कोटावर पडल्याचा टिपटिप आवाज ऐकू येत होता.

दिवसाची आखणी प्रकाशाकडे पाहून करावी लागते. ६० अंश अक्षांशावर २१ डिसेंबरला दिवस सहा तासांपेक्षाही लहान असतो आणि ऐन दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेसहा अंश वर येतो. आम्ही त्याहून दक्षिणेला होतो, तरीही साडेतीनला दिवे लावावे लागत. पहिल्या दोन दिवशी आम्ही सकाळ आवराआवरीत घालवली आणि बाहेर पडायच्या वेळी अंधारून आले. नंतर मात्र उजाडताच बाहेर आणि अंधार पडताच आत, असा क्रम ठरवला. सर्वांत लवकरचा सूर्यास्त सर्वांत लहान दिवसाच्या थोडा आधीच होऊन जातो, त्यामुळे मुक्कामाच्या अखेरीस संध्याकाळ थोडी उशिरा होऊ लागली होती, हे सासूबाईंनी घड्याळ न पाहता ओळखले.

त्या लांबलचक संध्याकाळी हे या घराचे सर्वांत मोठे देणे आहे. शेगडीपासून आठ-दहा फुटांच्या वर्तुळात सगळे काही घडत असे. दीर, जे एरवी कामाच्या फोनमुळे जेवणावरून तीनदा उठतात, ते येथे काच पुसत, राख काढत, झडप अर्धा बोट इकडेतिकडे करत बसत आणि बोलता बोलता त्यांनी आपल्या वडिलांच्या शेवटच्या वर्षाविषयी असे काही सांगितले, जे आम्हाला कोणालाच माहीत नव्हते. सासूबाई ऐकत होत्या आणि मधूनच तपशील दुरुस्त करत होत्या. मुले झोपली नव्हती, हे आम्हाला नंतर कळले. आगीकडे पाहत बोलताना एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही. कदाचित त्यामुळे काही गोष्टी सांगणे सोपे जात असावे.

पौर्णिमेच्या रात्री आम्ही सगळे बाहेर गेलो. हिवाळ्यात सूर्य जितका खाली राहतो, तितका पौर्णिमेचा चंद्र वर चढतो, आणि ताजा बर्फ त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक प्रकाश परत फेकतो. टॉर्च लागलाच नाही. झाडांच्या सावल्या निळसर आणि धारदार पडल्या होत्या आणि घराच्या धुराड्यातून निघणारी पातळ रेघ सरळ वर जात होती.

सेवेबद्दल उरलेले थोडक्यात सांगते. रस्त्यावरचा बर्फ रोज सकाळी आठच्या आत काढला जात असे, याबाबत शब्द पाळला गेला. दारासमोरच्या तीन पायऱ्यांवर मात्र दिवसा वितळलेले पाणी रात्री गोठून काचेसारखे होत असे आणि वाळूचे पोते मागितल्यावर दुसऱ्या दिवशी आले. वयस्क माणूस असलेल्या कुटुंबाने कठड्याची चौकशी आधीच करावी. येथे तो एकाच बाजूला होता. अंथरुणे स्वच्छ, जाड आणि पुरेशी होती. स्वयंपाकाची भांडी सात माणसांना पुरणारी होती. स्नानगृह लहान होते, पण गरम पाणी कधी कमी पडले नाही. फोनवर उत्तर नेहमी मिळाले, सौजन्याने मिळाले, परंतु ज्या गोष्टींसाठी फोन करावा लागला त्या आधीच व्हायला हव्या होत्या.

ज्यांना सुट्टीत हात न हलवता ऊब हवी आहे, त्यांनी दुसरे घर पाहावे, आणि त्यात काहीही गैर नाही. तान्हे बाळ बरोबर असेल, तरीही मी हे घर सुचवणार नाही, कारण पहाटे चार वाजता कोणीतरी उठून दोन फोडी घालाव्याच लागतात. सहा वर्षांपुढची मुले आणि हालचाल करू शकणारी ज्येष्ठ मंडळी असतील, तर पाचपैकी चार गुण मी निःसंकोच देईन. पाचवा गुण ओले लाकूड, बंद पडलेले यंत्र आणि तळ्याची छायाचित्रे यांनी घालवला.

आम्ही पुढच्या डिसेंबरसाठी हेच घर पुन्हा मागितले आहे. दोन अटी लेखी कळवल्या आहेत: आम्ही पोहोचण्याआधी सकाळपासून शेगडी पेटलेली असावी आणि पडवीत जुन्या साठ्यातील लाकूड असावे. घरमालकांनी दोन्ही मान्य केल्या आहेत. निघण्याच्या सकाळी आग विझू दिली, राखेची बादली झाकण लावून मोकळ्या जमिनीवर ठेवली, आणि मुलांनी उजव्या टोपलीतील उरलेल्या फोडी पडवीत दाराजवळ रचून त्यांवर एक कागद ठेवला. त्यावर मुलीने लिहिले होते, "ही कोरडी आहेत. आम्ही ऐकून पाहिली आहेत."